डब्यावर २२ किलोवॅट, आत अडीच स्क्वेअरची वायर

इलेक्ट्रिक ट्रकसाठी घरी चार्जर बसवणाऱ्यांची फसवणूक सहसा एकाच वाक्यापासून सुरू होते: ‘हा २२ किलोवॅटचा घ्या, पाच तासांत ट्रक फुल.’ चार्जरच्या डब्यावर २२ छापलेलंही असतं, त्यामुळे कोणी पुढे विचारत नाही.

भिंतीवरचा डबा खरं तर चार्जरच नाही. भिंतीतून येणाऱ्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करायचं काम ट्रकच्या पोटातला ऑनबोर्ड चार्जर करतो. डबा फक्त किती अँपिअर ओढायची मुभा आहे ते ट्रकला कळवतो आणि आतल्या रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, वीज चालू-बंद करतो. २२ किलोवॅट मिळायला ४०० व्होल्टची थ्री फेज लागते आणि प्रत्येक फेजवर ३२ अँपिअर. घरात सिंगल फेज असेल तर त्याच डब्यातून २३० गुणिले ३२, म्हणजे जेमतेम ७.४ किलोवॅट निघतात. थ्री फेज असली आणि ट्रकचा ऑनबोर्ड चार्जर ११ किलोवॅटचा असला, तर ११ च्या वर काटा जाणार नाही. म्हणून आधी ट्रकच्या माहितीपत्रकात ‘एसी चार्जिंग कमाल किलोवॅट’ ही ओळ शोधा, मग घराचा मंजूर भार (वीज कंपनीने मान्य केलेले किलोवॅट) बघा, आणि डब्याचं नाव त्यानंतर काढा. १०० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला ६० युनिट लागतात. वाटेतली दहा टक्के घट धरली तर ६६. ७.४ किलोवॅटने नऊ तास. रात्री उभ्या राहणाऱ्या ट्रकला एवढं भरपूर झालं.

इथवर फक्त पैसे गेले. खरी भीती केबल आणि वायरिंगची आहे.

डबा आणि ट्रक जोडणाऱ्या टाइप २ प्लगच्या सुट्या केबलमध्ये, प्लगच्या आत, एक छोटा रेझिस्टर असतो. केबल किती अँपिअरची आहे हे समोरच्याला त्यावरून कळतं: २२० ओहम म्हणजे ३२ अँपिअर, ६८० ओहम म्हणजे २०. बनावट केबलमध्ये रेझिस्टर २२० चा आणि तांबं अडीच स्क्वेअर एमएमचं (हे तारेच्या जाडीचं माप) घालतात. ट्रक बिचारा रेझिस्टरवर विश्वास ठेवून ३२ अँपिअर ओढतो, आणि तासाभरात प्लगची मूठ हातात धरवत नाही. केबलच्या सालीवरची छपाई वाचा. सिंगल फेजच्या ३२ अँपिअरला ‘३जी६’, म्हणजे ६ स्क्वेअरच्या तीन तारा, आणि सोबत सिग्नलची बारीक तार हवी. सालीवर काहीच छापलेलं नसेल तर केबल परत करा.

हीच चलाखी भिंतीतल्या वायरमध्ये होते. मीटरपासून पार्किंगपर्यंत ३० मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर तार झाली. ६ स्क्वेअरच्या तांब्यात ३२ अँपिअरला सुमारे ६ व्होल्ट वाटेतच कमी होतात. अडीच स्क्वेअरमध्ये १४ व्होल्ट कमी होतात आणि साडेचारशे वॅट उष्णता पाइपातच मुरते, तीही रोज नऊ तास. मिक्सर-पंपाला चालून जाणारी वायर इथे चालत नाही, कारण ट्रक तिला मधे श्वास घेऊ देत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायरही खपवतात. तुकडा कापून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं की काम तिथेच थांबवा. वायर पाइपात गेल्यावर हे बघता येत नाही, म्हणून ओढायच्या आधी हजर राहा.

३२ अँपिअरच्या चार्जरला ३२ चीच एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) लावली तर ती काही तासांनी तापून पडू शकते. तक्रार केली की कारागीर ६३ ची बसवून जातो आणि वायर तीच ठेवतो. मग एमसीबी पडत नाही, वायर जळते. ४० ची एमसीबी आणि ती पेलणारी वायर, ही जोडी एकत्रच बदलायची.

आरसीसीबी म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच; त्याच्या दर्शनी भागावरचं चिन्ह बघा. नुसती एक लाट असेल तर ती एसी टाइपची, म्हणजे स्वस्तातली. गाडीतून ६ मिलिअँपिअरहून जास्त डीसी गळती झाली की ती आंधळी होऊ शकते. टेस्ट बटण दाबून ‘बघा, पडते ना’ असं दाखवतात, पण त्या बटणाने डीसी गळती तपासलीच जात नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय असेल तर टाइप ए ची आरसीसीबी पुरते, नसेल तर टाइप बी ची लागते. ही सोय आहे, असं बिलावर लिहून घ्या.

सगळ्यात घातक प्रकार अर्थिंगचा. अर्थिंग नसलं की चार्जरचा लाल दिवा लागतो. त्यावर सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात बोटभर तार जोडतात आणि दिवा हिरवा होतो. पुढे कधी मागची न्यूट्रल तुटली तर ट्रकचा अख्खा पत्रा जिवंत होतो. टायर रबराचे, त्यामुळे विजेला जमिनीत जायची वाट मिळते ती दाराला हात लावणाऱ्या माणसाच्या अंगातून. घरातल्या कुठल्याही पोराचा हात त्या दाराला लागू शकतो. सॉकेट उघडून दाखवल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका.

शेवटचा हप्ता चाचणी होईपर्यंत रोखून ठेवा. बॅटरी निम्म्याच्या खाली असताना ट्रक लावा आणि तासभर पूर्ण वेगाने चार्ज होऊ द्या. क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून अँपिअर मोजायचं यंत्र, फेजच्या एकट्या तारेभोवती लावा. अख्ख्या केबलभोवती लावलात तर शून्यच दिसेल. मग सॉकेटवरचा व्होल्टेज चार्जिंग बंद असताना आणि चालू असताना, असा दोनदा मोजून लिहून ठेवा; दोन्हींतला फरक म्हणजे वायरमध्ये कमी झालेले व्होल्ट.