म्यूझस्कोअर: एकाच स्टाफवर दोन व्हॉइस लिहायचे असतील तर

म्यूझस्कोअर स्टुडिओ हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज-मॅक-लिनक्स सगळीकडे चालतं, हे पियानो शिकणाऱ्या बऱ्याच जणांना माहितीये, पण लोक त्यात सरळसाधी एकेरी धून टाइप करतात, प्ले दाबून ऐकतात आणि बंद करतात. माझ्या मते त्यातली कामाची गोष्ट म्हणजे व्हॉइस, म्हणजे एकाच स्टाफवर (नोटा लिहायच्या पाच रेषांवर) एकाच वेळी चालणाऱ्या वेगवेगळ्या ओळी.

जरा वरच्या ग्रेडचे पीसेस आले की उजव्या हाताच्या एकाच स्टाफवर वर क्रॉचेट (एका बीटच्या नोटा) चालत असतात आणि खाली मिनिम (दोन बीटची नोट) धरून ठेवायची असते, आणि बरेच जण वरची नोट बदलली की खालचीही सोडून देतात. कागदावर खूण एवढीच, की वरच्या नोटांच्या दांड्या वर आणि खालच्यांच्या खाली. ते दिसतं सगळ्यांना, पण बोटांपर्यंत पोचत नाही. म्यूझस्कोअरमध्ये तेच टाइप करायला बसलं की सुटका नाही, कारण एका व्हॉइसमध्ये एका वेळी एकच लांबी बसते, त्यामुळे मिनिमसाठी कंट्रोल-ऑल्ट-२ दाबून दुसऱ्या व्हॉइसमध्ये जावंच लागतं. एका स्टाफला असे चार व्हॉइस मिळतात. नोट सिलेक्ट केली की पहिल्याची निळी, दुसऱ्याची हिरवी, तिसऱ्याची केशरी, चौथ्याची जांभळी दिसते, प्रिंटमध्ये अर्थात सगळं काळंच.

ट्राय करायला बाखचा सी मायनर फ्यूग घ्या (फ्यूग म्हणजे एकच धून वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात अशी रचना), त्याच्या वेल-टेंपर्ड क्लाव्हिअर या संग्रहाच्या पहिल्या भागातला (१७२२). तीन आवाज, फक्त ३१ बार. आधी मधला आवाज एकटा सुरू होतो, तिसऱ्या बारला वरचा येतो, सातव्याला बास. आता पहिले दोन बार मधला एकटाच आहे तर त्याला व्हॉइस १ मध्ये टाकायचं की २ मध्ये? छापायला १ सोपं पडतं, पण मी म्हणेन सुरुवातीपासून २ मध्येच टाका, म्हणजे हिरवा कुठे जातो ते शेवटपर्यंत सलग बघता येतं आणि मग वाजवताना कान त्याला सोडत नाही. वर व्हॉइस १ चे रेस्ट (थांबायच्या खुणा) उरतात ते डिलीट होत नाहीत, V दाबून लपवायचे. व्हॉइस २ चे नको असलेले रेस्ट मात्र सरळ डिलीट होतात. हा फरक कोणी सांगत नाही आणि नवीन माणूस इथेच वैतागतो.

मधला आवाज डाव्या हाताकडे गेला तर नोट सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण, नोट खालच्या स्टाफवर दिसते पण व्हॉइस तोच राहतो, हे मला फार आवडलं. दांडी उलटी हवी असेल तर X.

घाईत असाल तर मात्र नका जाऊ या वाटेला, एक पान नीट टाइप करायला अख्खी संध्याकाळ जाते, आणि नुसते कॉर्ड वाजवणाऱ्यांना तर याची गरजच नाही.

आणि हो, म्यूझस्कोअर नावाची वेबसाइट आणि हे सॉफ्टवेअर वेगळं आहे बरं का, साइटवरून इतरांचे स्कोअर (लिहिलेलं नोटेशन) डाउनलोड करायला बहुतेक वेळा सबस्क्रिप्शन मागतात, ते बघून सॉफ्टवेअरलाच पैसे पडतात असं समजू नका. बाखची जुनी छापील पानं आयएमएसएलपी या ऑनलाइन संगीत-लायब्ररीवर फुकट आहेत, ती समोर ठेवून स्वतः टाइप करा.