धायटीचं रोप हवं असेल तर साताऱ्याजवळच्या या रोपवाटिकेत जा

आमचं घर शाहूनगरात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. वर जेमतेम फूटभर माती, खाली नुसता मुरूम. अशा जागेत गुलाब जगवायचा म्हणजे विकतची माती आणि रोजचं पाणी. डोंगरावर मात्र त्याच मुरमात धायटी शिमग्याच्या सुमारास लालभडक फुललेली असते, कुणी तांब्याभर पाणी न घालता. तीच मला अंगणात हवी होती. हायवेवरच्या एका मोठ्या नर्सरीत विचारलं, तर म्हणाले, “उद्या डोंगरातनं उपटून आणून देतो.” मी तिथून तशीच निघाले. उपटलेल्या झुडपाची मुळं तुटतात, ते सहसा धरत नाही, आणि धरलं तरी डोंगरावरचं एक कमी झालंच.

मग एका मैत्रिणीनं ही जागा सांगितली. कास रस्त्याला, घाट लागायच्या अलीकडे, जरा आत. नवरा-बायको दोघं मिळून चालवतात. शोभेची परदेशी झाडं जवळजवळ नाहीतच. करवंद, निर्गुडी, मुरुडशेंग, कुडा आणि एका कडेला ओळीनं धायटी. सगळी बियांपासून किंवा फाटे लावून इथंच वाढवलेली. धायटीचं बी अगदी बारीक असतं. वाळूत मिसळून ते नुसतं वर भुरभुरायचं, मातीखाली दाबायचं नाही, हे वहिनींनी वाफ्यापाशी उभं राहून दाखवलं.

मी गेले तेव्हा रोपं जवळपास निष्पर्ण होती. वाळल्यासारखीच दिसत होती. मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, “ताई, नखानं जरा खरवडून बघा, आत हिरवं हाय.” खरंच हिरवं होतं. धायटी कोरड्या दिवसांत पानं टाकते आणि उघड्या फांद्यांवर फुलते, तिचा क्रमच तो. मग दादांनी एका रोपाची पिशवी ब्लेडनं उभी चिरून मुळं दाखवली. पिशवीत फार दिवस अडकलेल्या रोपाच्या मुळांची होते तशी तळाशी गोल गुंडाळी झालेली नव्हती. एवढं दाखवणारा विक्रेता मला आजवर भेटला नव्हता. रोप १२० रुपयांना पडलं. जंगली झुडपाला हे जास्त वाटेल, पण मुळं पाहिल्यावर मला तरी वाटलं नाही.

लावायची पद्धत त्यांनी सांगितली तशीच केली. दीड फुटाचा खड्डा, त्यात निघालेलाच मुरूम, ओंजळभर कुजलेलं शेणखत, दिवसभर ऊन, आणि पाणी साचणार नाही असा उतार. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला पाणी दिलं, पुढे बंद केलं. जास्त खतपाण्यानं पाला माजतो, फूल कमी येतं.

छाटणीबद्दल ते फारच काटेकोर आहेत, आणि ते बरोबरच आहे. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर पुढच्या वसंतात फूल येतं. म्हणून कात्री लावायची ती बहर संपल्यावर, पाऊस पडायच्या आत. आमच्या कॉलनीच्या बागेत माळ्यानं दिवाळीच्या साफसफाईत धायटी चारी बाजूंनी गोल कापली आणि त्या साली तिला फूल म्हणून आलं नाही. चांगलं वाढलेलं झुडूप जीव गेल्यासारखं उभं होतं. मला फार वाईट वाटलं. गोल कापायचीच कशाला? कमानीसारख्या खाली झुकणाऱ्या फांद्या हेच तर तिचं रूप. जुन्या दोन-तीन फांद्या बुडातून काढल्या की पुरे.

आता आमची धायटी कंबरेच्या वर गेली आहे. फूल जवळून पाहावं असं आहे. आपल्याला दिसतो तो लाल रंग पाकळ्यांचा नसतोच. तो बाहेरच्या वाकड्या नळीचा असतो. पाकळ्या इवल्याशा, नळीच्या तोंडाशी शोधाव्या लागतात, आणि केसर पार बाहेर आलेले. नळीच्या तळाशी मध असतो, त्यासाठी सकाळी शिंजीर फांदीला उलटे लटकतात. नळी लगेच गळून पडत नाही, म्हणून फुलं सरली तरी लाली बरेच दिवस राहते. आयुर्वेदिक आसव-अरिष्टात घालतात ती धातकीची फुलं हीच. पण घरच्या झाडाची मी तोडत नाही, पाखरांना राहू देते.

उणिवाही सांगते. रोपांवर नावाच्या पाट्या नाहीत, विचारत फिरावं लागतं. ऑनलाइन पैसे द्यायला तिथं नेटवर्क मिळत नाही, रोख न्या. दुपारी एक ते चार बंद असते. पोचवायची सोय फक्त सातारा शहरापुरती, तीही रोपं जास्त घेतली तरच.

फूल पाहून रोप निवडायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. लावायची घाई मात्र करू नका. जूनचे पहिले दोन चांगले पाऊस होईपर्यंत ते तुमच्या नावाची चिठ्ठी बांधून रोप तिथंच सांभाळतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.