ब्यूटाइल टेप, काही महिन्यांच्या वापरानंतर: गळती थांबली, पण तो कागद!

ही टेप, म्हणजे डेकवरच्या वस्तूंच्या बेसखाली पाणी अडवायला लावायची, कधीच पूर्ण न वाळणारी मऊ चिकट रबरी पट्टी, मी हौसेने घेतलेली नाही, बोटयार्डवाल्याशी वाजल्यावर घेतली. माझ्या बोटीच्या डाव्या बाजूचा मधला स्टॅन्शन, म्हणजे कठड्याचा उभा खांब, हलायचा आणि पाऊस झाला की केबिनमधल्या कपाटात पाणी यायचं. तेही स्टॅन्शनच्या बरोबर खाली नव्हे, चांगलं हातभर पुढे, कारण डेकच्या आतून आलेलं पाणी अस्तराच्या मागून वाट काढत कुठेही उतरतं. यार्डवाल्याने वरून नट आवळले, बेसच्या कडेने सिलिकॉनची वात फिरवली आणि बिल हातात ठेवलं. पुढच्या पावसात कपाट परत ओलं. विचारलं तर म्हणे, "जुनी बोट आहे, एवढं तेवढं चालायचंच." चालायचंच होतं तर बिल कशाचं घेतलंत?

स्टॅन्शन का हलतो हे त्याने पाहिलंच नव्हतं. साधा हिशेब आहे. स्टॅन्शन साधारण ६० सेंमी उंच, खाली बेसच्या बोल्टांमधलं अंतर जेमतेम ५ सेंमी. वर कुणी ५० किलोचा रेटा दिला तर खाली बोल्टांवर मिळून ६०० किलोच्या आसपास ओढ बसते. धक्क्याला लागताना जो तो स्टॅन्शनलाच धरून बोट ढकलतो, त्यामुळे बेस रोज कणाकणाने उचलला जातो. त्या फटीतून पाणी आत. डेक म्हणजे वर-खाली फायबरग्लासचे दोन थर आणि मध्ये बाल्सा लाकूड. लाकूड भिजून कुजलं की बोल्ट आवळताना दोन्ही थर चेपतात आणि नट पुन्हा सैल. अशा ठिकाणी कडेला सिलिकॉन फासणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वर त्या सिलिकॉनचा न दिसणारा थर मागे राहतो आणि त्याच्यावर पुढे काहीच धड चिकटत नाही, तो खरवडण्यातच माझी अर्धी कंबर गेली.

बेस उचलला तेव्हा एक बोल्ट बाहेर काढून हातात धरला. डोकं चकचकीत, खालचे आटे चकचकीत, आणि मधला, डेकच्या जाडीत दडलेला भाग गंजाने खाऊन पेन्सिलीच्या शिशाएवढा उरलेला. स्टेनलेस स्टील हवेतल्या ऑक्सिजनवर स्वतःचं कवच टिकवतं. साचलेल्या पाण्यात कोंडलं की ते कवच जातं आणि गंज आतल्या आत चरतो. वरून काही कळत नाही. या एका बोल्टावर मी माझं माणूस टेकू देत होतो!

आता टेपकडे. गुणधर्म सगळ्यांना ठाऊक आहेत, ते परत उगाळत नाही. माझा राग आहे तिच्या कागदावर. गुंडाळीच्या थरांमध्ये जो सुटा होणारा कागद असतो, तो सुटतच नाही. थोडं ऊन लागलं की टेप कडेने कागदात घुसते, ओढलं की कागद उभा फाटतो, आणि मग नखाने एकेक चिंधी उपटत बसा. एक चिंधी जरी बेसखाली राहिली तरी तिथून पाणी शिरायला वाट, म्हणजे हा नुसता नखऱ्यांचा प्रश्न नाही. इतक्या हुशारीने पदार्थ बनवणाऱ्यांना धड कागद मिळू नये? उपाय एकच सापडला: रोल थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचा. गार टेपचा कागद निमूट निघतो. पण बोट दुरुस्त करायला फ्रीज लागावा, हे काही पटत नाही.

पहिल्या काही दिवसांत हे लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. नट आवळल्यावर कडेने राखाडी वळ बाहेर येतो. तो कापला की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. धूळ चिकटते, दोर चिकटतात, अनवाणी चाललं की पायाला लागतं.

मग कडक ऊन पडायला लागलं आणि मत बदललं. टेप बाहेर येते ती आतली दाटी जुळेपर्यंतच. रोज थोडा थोडा नट आवळत गेलं की ती पातळ होत, सगळीकडे सारखी बसते. नट फिरवायचा, बोल्ट नाही. वरचा माणूस डोकं स्क्रूड्रायव्हरने घट्ट धरून बसतो, खालचा पाना फिरवतो. बोल्ट फिरला की त्याच्याभोवती बसलेली टेप सुटते. भोकाच्या तोंडाशी ड्रिलने हलकी खळगी करून घ्यावी, तिथे टेप गोळा होऊन बोल्टाभोवती गळपट्टा तयार होतो. हे केलं नाही तर बाकीचं सगळं करून उपयोग अर्धाच.

मात्र स्टॅन्शन घट्ट झाला तो टेपने नाही, हे नीट ऐका. टेपला पकड नसतेच, ती फक्त पाणी अडवते. घट्ट केलं ते इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून दगडासारखं कडक होणाऱ्या राळेने. ६ मिमीच्या बोल्टासाठी वरून १२ मिमीचं भोक, खालचा थर तसाच ठेवून. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतला कुजका बाल्सा कोरून काढला, पूर्ण वाळू दिलं, मग सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरलं आणि त्यातून नवं ६ मिमीचं भोक पाडलं. खाली वॉशरच्या जागी हाताएवढी काचतंतू-इपॉक्सीची पट्टी. पुन्हा कधी पाणी शिरलंच तर ते इपॉक्सीपाशी अडेल, लाकडापर्यंत जाणार नाही. ही मेहनत वगळून नुसती टेप लावणारे पुढे येऊन टेपला शिव्या देतील, आणि ते यार्डवाल्याइतकेच चुकीचे असतील.

आनंदाची गोष्ट म्हणजे काटकसर. पॉलियुरेथेन या फटी बुजवायच्या चिकट लेपाची नळी एकदा उघडली की हवेतल्या दमटपणाने उरलेलं सगळं आत वाळून दगड होतं, आणि ज्या वस्तूखाली लावलं ती परत काढायची तर डेकचा तुकडा सोबत येतो. ही टेप मात्र पिशवीत पडून आहे, जशीच्या तशी. क्लीट (दोर बांधायचे खुंट) लावून झाले, विंचचा (दोर ओढायच्या चरखीचा) बेस झाला, पुढची हॅच (डेकवरचं झाकण) झाली, तरी रोलला धक्का लागल्यासारखं वाटत नाही.

पाण्याच्या रेषेखाली हिला हात लावू नका, आणि इंधन भरायच्या तोंडाशीही नाही. पेट्रोल-डिझेल लागलं की ती विरघळते. तिथे पॉलिसल्फाइड, म्हणजे दुसऱ्या जातीचा रबरी लेप. आणि पॉलिसल्फाइड प्लॅस्टिकच्या खिडक्यांना नको, काही प्लॅस्टिकं त्याने तडकतात.

कपाट सध्या कोरडं आहे. पाच पैकी चार तारे. पाचवा कागदवाल्यांनी खाल्ला.