ओशनसाइडचा डिंग रिपेअरवाला (सर्फबोर्डची मोडतोड दुरुस्त करणारा): लोगो बिघडलेला बोर्ड सुधारून मिळाला, पाचपैकी चार स्टार

भावाने गॅरेजमध्ये स्वतः घासून सर्फबोर्ड केला, पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा, शेप एकदम झकास, पण ग्लासिंग, म्हणजे फोमवर फायबरग्लासचं कापड रेझिनने (सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने) बसवणं, बाहेर दिलं आणि तिथेच माती खाल्ली गेली. लोगो म्हणजे राइस पेपरवर छापलेला जाड काळा 'दर्या'. हा कागद रेझिन नीट पिऊन घेतो तेव्हा दिसेनासा होतो आणि नुसती अक्षरं उरतात, तर इथे शिरोरेषेच्या खाली पांढरट दुधी डाग, त्यात हवेचे फुगे, आणि 'द' च्या पोटात अख्खी सुरकुती. ग्लासिंगवाला म्हणे उन्हात बसेल आपोआप. कसं बसेल बाबा?

मग कॅलिफोर्नियातल्या सर्फवाल्या मित्रांनी ओशनसाइडच्या या काकांकडे पाठवलं. २००५ मध्ये क्लार्क फोम ही सर्फबोर्डचा फोम बनवणारी मोठी कंपनी बंद पडली त्याच्याही आधीपासून ते या धंद्यात आहेत. आम्हाला वाटलेलं दोन बारीक भोकं पाडतील, सिरिंजने रेझिन सोडतील, झालं काम. त्यांनी सरळ नाही म्हटलं, नुसता फुगा असता तर चाललं असतं पण अर्धवट भिजून कडक झालेला कागद आता परत रेझिन पीत नाही, डाग तसाच राहणार. घासायला घेतलं तर लोगोखालचं रेझिन अजून चिकट, वास भपकन आला! उन्हाने कडक होणारं यूव्ही रेझिन होतं आणि काळ्या शाईने ऊन खालपर्यंत जाऊच दिलं नव्हतं.

काम मात्र बघत राहावं असं. फोमला धक्का न लावता जुना कागद काढला, आजूबाजूचं ग्लास उतरतं घासलं, अ‍ॅसिटोनने पुसलं. नवीन लोगो लेझर प्रिंटरवर, कारण इंकजेटची शाई रेझिनमध्ये पसरू शकते. आधी खाली रेझिन, त्यावर कागद, मग काका हात बांधून गप्प उभे, कागद पूर्ण पारदर्शक होईपर्यंत स्क्वीजीला (रेझिन ओढून पसरवायच्या पट्टीला) हातच नाही. नंतर मधून बाहेर हलकेच ओढली, वर लोगोपेक्षा थोडा मोठा ४ औंस कापडाचा पॅच. या वेळी यूव्ही नाही, कॅटलिस्ट (उन्हाशिवाय रेझिन कडक करणारं रसायन) घालून. मग हॉट कोट (वरून रेझिनचा आणखी एक थर) आणि सँडिंग.

आता अक्षरं फोमवरच रंगवल्यासारखी दिसतात. तिरक्या उजेडात बोर्ड धरला तर पॅचची कड किंचित कळते, हे त्यांनी आधीच सांगितलेलं त्यामुळे तक्रार नाही. पैसे नवीन बोर्डाच्या मानाने काहीच नाहीत.

एक स्टार कापला तो तारखांसाठी. 'पुढच्या आठवड्यात' असं म्हणाले की आपण दोन आठवडे धरून चाला, फोन उचलत नाहीत, आणि लाटा चांगल्या असल्या की सकाळी दुकान बंदच. जायचं तर समुद्र सपाट असेल त्या दिवशी जा, आणि लोगोच्या दोन कॉप्या जास्तीच्या छापून न्या.