पांढऱ्या नंबरप्लेटखाली काळी प्लेट: गोव्यात जुनी गाडी घेण्याआधी

"सिंगल ओनर, घरगुती वापर, ३४,००० किमी, चारही टायर नवीन." बार्देशातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने २०१९ च्या पेट्रोल वॅगन आरची अशी जाहिरात दिली होती. फोंड्याकडच्या एका कुटुंबाला चवथीआधी गाडी हवी होती. भर पावसात, संध्याकाळी गाडी बघितली. भाव बाजारापेक्षा जरा कमी. "मडगावची पार्टी सकाळी पैसे घेऊन येतेय" म्हटल्यावर वीस हजारांचं टोकन तिथल्या तिथे गेलं. दोन महिन्यांत अनमोड घाटात क्लच घसरू लागला. गिअरबॉक्स उतरवला तर झिजलेली क्लचप्लेट मूळची नव्हतीच, बाजारातली दुसरी होती. घरच्या वापरात ३४ हजारांत दोन क्लचप्लेटी संपत नाहीत. मेकॅनिकने एवढंच विचारलं, "ही रेंटवर होती काय?"

होती. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये २०२२ सालची नोंद ७१,६०० किमीची निघाली. जाहिरातीतलं 'सिंगल ओनर' खरं होतं: मालक एकच होता, रेंट-अ-कॅबवाला, म्हणजे पर्यटकांना स्वतः चालवायला गाड्या भाड्याने देणारा.

काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी खाजगी करून घेणं बेकायदेशीर नाही. परमिट परत करायचं, कराचा फरक भरायचा, आरसीवरचा वर्ग बदलून घ्यायचा, की पांढरी प्लेट मिळते. अशी गाडी घेऊच नये असंही नाही. वेळेवर ऑइल बदललेली भाड्याची गाडी उन्हात उभी राहून सडलेल्या गाडीपेक्षा बरी असू शकते. पण तिचा भाव लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीचा हवा. फसवणूक होते ती इतिहास लपवून घरगुती गाडीचा भाव घेण्यात.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्यावा आणि घरी बसून कागद तपासावेत. परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. पण ती आजची स्थिती असते, काल गाडी काय करत होती ते तिथे कळत नाही. त्यासाठी दोन कागद मागावेत. पहिला, मागच्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसी. भाड्याच्या गाडीची पॉलिसी 'प्रायव्हेट कार'ची नसते, 'पॅसेंजर कॅरीइंग' अशा व्यावसायिक वर्गातली असते. दुसरा, कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी. ती काही ठिकाणी मालकाशिवाय देत नाहीत. तेव्हा विकणाऱ्याला मालकाच्या संमतीने प्रिंट काढून द्यायला सांगावं. "सर्व्हिस बाहेरच केली" हे उत्तर वॉरंटीच्या काळातल्या गाडीबद्दल आलं, तर तिथूनच परत फिरलेलं बरं.

याहून अवघड जात म्हणजे पांढऱ्या प्लेटवरच चोरून भाड्याने दिलेली गाडी. तिचं परमिट नाही, व्यावसायिक पॉलिसी नाही, म्हणून कागदावर ती स्वच्छ. तिथे चलन उपयोगी पडतं. ई-चलनच्या पोर्टलवर जुनी, भरलेली चलनंही बघावीत. मालक राहतो सांग्याला आणि डिसेंबर-जानेवारीतली चलनं सगळी कळंगुट, बागा, हणजूणची, तर गाडी कोण चालवत होतं ते सांगायला नको.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. डिजिटल मीटरमध्ये तो आकडा मीटरमधल्याच एका छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेला असतो. लॅपटॉप आणि केबल असली की थोड्या वेळात बदलता येतो. स्कॅनर लावून गाडीतल्या दुसऱ्या मॉड्यूलमधला (छोट्या कॉम्प्युटरमधला) आकडा ताडून बघता येतो खरा, पण लहान गाड्यांत तो बहुतेक वेळा दुसरीकडे साठवलेलाच नसतो. त्यामुळे 'स्कॅन क्लीन' म्हणजे आकडा खरा, असं होत नाही. खरं बोलतात ते झिजणारे भाग. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, १४२३ म्हणजे २०२३ च्या चौदाव्या आठवड्यातला टायर. कंपनीचे टायर साधारण चाळीस हजारांपर्यंत जातात. २०१९ च्या गाडीचं मीटर ३४ हजार दाखवत असेल आणि टायर २०२३ चे असतील, तर पहिले कशाने संपले? वरच्या जाहिरातीत 'टायर नवीन' ही सवलत नव्हती, पुरावा होता. पुढच्या ब्रेक डिस्कच्या कडेला बोट फिरवा: नखाला उंच ओठ लागला तर डिस्क बरीच झिजली आहे. क्लच आणि ब्रेक पेडलचे रबर, सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगचा वरचा भाग बघावा. यातली एकच वस्तू कोरी नवी आणि बाकी जुन्या, हे जास्त संशयास्पद.

भाड्याच्या गाडीच्या आणखी खुणा असतात. पॅनिक बटण किंवा जीपीएस काढल्यावर दोन दारांमधल्या खांबावर भोकं राहतात, डॅशखाली टेपने गुंडाळलेल्या वायरी लोंबतात. डिकीच्या उंबऱ्यावर बॅगांचे ओरखडे आणि सीटच्या रुळात वाळू. थोडी वाळू गोव्यात कोणाच्याही गाडीत सापडेल. मात्र रूळ करकरत असेल तर गाडी किनाऱ्यावर राहिलेली आहे. मग ती लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नये. खारं पाणी आधी खालून खातं: दाराखालचा सिल, चाकामागचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या सस्पेन्शनचा सबफ्रेम. वरून चकचकीत काळा अंडरकोट नुकताच मारला असेल तर त्याखाली पेचकसाने टोचून बघा. चांगला पत्रा टणक लागतो, गंजलेला कुरकुरतो.

पुराची गाडी हा वेगळा धोका. जुलै २०२१ मध्ये इकडे सत्तरी-डिचोलीत आणि वर चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्या पुढे कुठेतरी विकल्या गेल्याच असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, बुडालेल्या गाडीत आतल्या भागावर गढूळ पट्टा राहतो. आपल्या हवेत सीटच्या बोल्टवर थोडा गंज येतोच, त्याने घाबरू नये. डॅशखाली, गुडघ्याच्या वरच्या पातळीवरच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज असेल तर मात्र पाणी तिथवर चढलं होतं. सावर्डे-कुडचडे भागात मायनिंगची लाल धूळ फटीफटीत सापडते. ती कोरडी आणि सगळीकडे सारखी असते. पुराचा गाळ ठरावीक उंचीच्या खालीच सापडतो.

एअरबॅगचा दिवा आवर्जून बघा. चावी ऑन केल्यावर तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागतच नसेल, तर अपघातात फुटलेली बॅग परत न बसवता दिवाच काढून टाकला असण्याची शक्यता आहे. गाडी कोरडी असताना, दिवसा बघावी. ओल्या पत्र्यावर पोचे आणि रंगातला फरक लपतो.

आता फोंड्याच्या या प्रकरणातली खरी गोम. विक्रेत्याचं नाव कोणत्याच कागदावर नव्हतं. रेंटवाल्याने मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून दिले होते. त्यावर थेट घेणाऱ्याचं नाव पडलं. म्हणजे आरटीओच्या लेखी गाडी रेंटवाल्याकडून फोंड्याला आली, आणि मीटर फिरला ते मधले महिने कोणाचेच नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र, फॉर्म २९बी, लागतं. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना मालकाने फॉर्म २९सी वर द्यायची असते. हे दोन्ही दाखवा म्हणावं. दाखवता आले नाहीत, तर तो विक्रेता नव्हे, मध्यस्थ. त्याला टोकन देऊ नये.

टोकन द्यायचंच असेल तर पाच हजारांवर नको, आणि पावतीवर दोन ओळी हव्यात: मीटरचा आकडा खरा असून गाडी कधीही भाड्याने वापरलेली नाही, हे खोटं निघाल्यास पूर्ण रक्कम परत. या कुटुंबाच्या पावतीवर 'जशी आहे तशी' असं छापलेलं होतं, आणि सही करताना ते कोणी वाचलं नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नये. एमएच-०७ (सिंधुदुर्ग) किंवा केए-२२ (बेळगाव) ची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि गोव्याचा कर कोण भरणार ते लेखी घ्यावं.

फसलात तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे संदेश, वर्कशॉपची प्रिंट आणि मेकॅनिकचं लेखी मत आधी गोळा करा. गाडी दुरुस्त करण्यापूर्वी जुन्या भागांचे फोटो घ्या. विक्रेता व्यावसायिक असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. एखाद्याने आपली घरची गाडी विकली असेल तर ग्राहक आयोग कामाचा नाही. तिथे दिवाणी दावा, किंवा मीटर फिरवल्याचं दाखवता आलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली पोलीस तक्रार. जाहिरात पहिल्या दिवशीच जपून ठेवा, तक्रारीचा वास आला की ती काढली जाते.