नगरपरिषदेचे नागरी सुविधा केंद्र: खिडकी चांगली, पोचपावती अपुरी

आमच्या नगरपरिषदेच्या नागरी सुविधा केंद्रात मालमत्ता कराची थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी अर्ज केला. टोकन पद्धत सुरळीत आहे आणि खिडकीवरच्या बाई कागद तपासून त्रुटी तिथल्या तिथे सांगतात, हे मोकळेपणाने नमूद केले पाहिजे.

खरी उणीव पोचपावतीत आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते, विनाकारण विलंब करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास (म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यास) 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो आणि अर्जदाराला आधी कार्यालयात दोन अपिले, नंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. मात्र मला मिळालेल्या पावतीवर मुदतीचा रकाना कोरा होता आणि सेवांचा फलक कपाटाआड गेला होता. मुदतच ठाऊक नसेल, तर अपील कशाच्या आधारे करायचे?

2022 च्या सुमारास मुदत संपलेल्या अनेक स्थानिक संस्थांचा कारभार पुढे दीर्घकाळ प्रशासकांकडे होता, त्यामुळे सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. आता अर्थसंकल्पावरच्या चर्चेत सुशोभीकरणाच्या कमानींआधी (त्यांची आम्हांला वानवा नाही) या केंद्रातील मनुष्यबळाचा विषय घ्यावा. पाचपैकी तीन गुण.