गायरानाची माती: पाचोळा मोजायचा की कर्ब तपासायचा?

गायरान सुधारतंय की खालावतंय, हे ग्रामपंचायतीला जोखायचं असेल तर दोन वाटा आहेत. प्रयोगशाळेतून मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून आलेला कार्बन, काढून आणायचा, नाहीतर जमिनीवर पडलेला पाचोळा, म्हणजे वाळक्या गवताच्या काड्या, मोजायचा.

कर्बाच्या आकड्याला वजन असतं, प्रस्तावाला जोडता येतो. पण तो हलतो फार सावकाश. यंदा चराई थांबवली आणि पुढच्या वर्षी कर्ब वाढला, असं होत नाही. फरक कळायला चार-पाच वर्षं सहज जातात. शिवाय दख्खनच्या माळावर दहा पावलांत मुरूम संपतो आणि काळी माती लागते, त्यामुळे नमुना कुठून उचलला यावर बरंच ठरतं.

पाचोळा एका हंगामात बोलतो, आणि मोजायला पैसा लागत नाही. बुटाच्या टोकावर खूण करा, सरळ रेषेत चाला, दर दुसऱ्या पावलाला खुणेखाली काय आलं ते लिहा: गवताचं बुड, पडलेली काडी, दगड की उघडी माती. शंभर नोंदी झाल्या की काड्यांची संख्या हीच पाचोळ्याची टक्केवारी. उभं वाळलेलं कुसळी गवत धरायचं नाही, मातीला टेकलेलीच काडी धरायची. थेंबाचा मार तीच झेलते आणि कुजून मातीत तीच जाते. दगडही मार झेलतो, पण मातीच्या पोटात काही घालत नाही. त्याचा रकाना वेगळा. लेंड्या कशात धरायच्या ते आधीच ठरवा, नाहीतर मोजणाऱ्यांतच जुंपते.

मोजणी मे महिन्यात, वळवाच्या आधी. दिवाळीत कुठलंही गायरान श्रीमंत दिसतं!

खोट पाचोळ्यातही आहे. वणवा लागला की आकडा शून्य. ग्लिरिसिडियाच्या झाडाखालचा पानांचा थर गवताबद्दल काहीच सांगत नाही. आणि वर्षानुवर्षं कुरण बंद ठेवलं तर जुनं गवत साचून नव्या फुटव्याला दाबतं, म्हणजे नव्वद टक्के दिसले म्हणून खूश व्हायचं कारण नाही.

शेळ्या-मेंढ्या कधी आत सोडायच्या, कधी बाहेर काढायच्या, हा प्रश्न असेल तर माझं मत सरळ पाचोळ्याला. कर्ब पाच वर्षांतून एकदा, त्याच खुणेच्या जागी, वरच्या 15 सेंटिमीटरमधून तपासला तरी पुरे.

हिवरे बाजारसारखी चराईबंदी करून गवत कापून नेणाऱ्या गावांनी तर पाचोळा मोजावाच. विळा जमिनीलगत फिरला की जनावर न सोडताही माती उघडी पडते.